गुंतवणूकदार व्हिसा : पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

गुंतवणुकीच्या आधारे परदेशात निवासाचा हक्क मिळवू पाहणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा ‘किती पैसे लागतात?’ हाच असतो. प्रश्न स्वाभाविक असला, तरी त्याचे उत्तर त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर पाच मिनिटांत सापडते. अर्ज प्रत्यक्षात अडतात ते दुसऱ्याच दोन ठिकाणी. एक, ती रक्कम आली कोठून हे कागदोपत्री दाखवता येत नाही. आणि दोन, मंजुरीनंतर वर्षाकाठी त्या देशात किती दिवस काढावे लागतील आणि कर कोठे भरावा लागेल, याचा हिशेब आधी केलेला नसतो. म्हणून या लेखात पायऱ्यांचा क्रम नेहमीपेक्षा वेगळा ठेवला आहे. आधी हेतू, मग दिवस आणि कर, मग पैशाची कागदपत्रे. देशाची निवड आणि प्रत्यक्ष गुंतवणूक त्यानंतर.

नेमके काय हवे आहे, ते आधी ठरवा

व्हिसा म्हणजे प्रवेशाची परवानगी, निवास परवाना म्हणजे ठरावीक मुदतीपुरता राहण्याचा हक्क, कायमस्वरूपी निवास म्हणजे मुदतीचे बंधन नसलेला पण अटींना बांधलेला हक्क, आणि नागरिकत्व म्हणजे त्या देशाचा पासपोर्ट. जाहिरातींमध्ये हे चारही प्रकार ‘गोल्डन व्हिसा’ या एकाच नावाखाली खपवले जातात. संयुक्त अरब अमिरातींत २० लाख दिरहम किंवा त्याहून अधिक किमतीच्या मालमत्तेवर मिळणारा गोल्डन व्हिसा दहा वर्षांचा असतो आणि त्याचे नूतनीकरणही होते. पण तेवढ्यावरून नागरिकत्वाचा मार्ग खुला होत नाही. ग्रीसमध्ये मालमत्ता ताब्यात असेपर्यंत पाच पाच वर्षांचा परवाना नव्याने मिळत राहतो, मात्र नागरिकत्वासाठी सात वर्षांचे प्रत्यक्ष वास्तव्य आणि ग्रीक भाषेचे ज्ञान लागते. दर उन्हाळ्यात पंधरा दिवस तेथील घरात राहून परतणारा माणूस वीस वर्षे परवाना टिकवू शकेल, पण पासपोर्टच्या दिशेने तो एक पाऊलही पुढे सरकलेला नसेल.

अमेरिकेच्या बाबतीत हा फरक आणखी ठळक आहे. १९९० च्या कायद्याने अस्तित्वात आलेल्या ईबी-५ या गुंतवणूकदार वर्गात ग्रीन कार्ड, म्हणजे कायमस्वरूपी निवास, मिळते, जरी ते पहिली दोन वर्षे सशर्त असले तरी. त्याउलट ई-२ हा व्हिसा गुंतवणूकदारांसाठीच असूनही तो स्थलांतराचा व्हिसा नव्हे, आणि अमेरिकेशी तसा करार असलेल्या देशांच्या नागरिकांनाच तो मिळतो. भारत आणि चीन हे दोन्ही देश त्या यादीत नाहीत. ग्रेनाडा या कॅरिबियन बेटासारख्या करारबद्ध देशाचे नागरिकत्व गुंतवणुकीने घ्यायचे आणि त्या पासपोर्टवर ई-२ मागायचा, ही वाट बरेच जण सुचवत असत. डिसेंबर २०२२ पासून अशा अर्जदाराला आधी त्या देशात सलग तीन वर्षे अधिवासी असल्याचे दाखवावे लागते. जुनी माहितीपत्रके मात्र अजून फिरत असतात.

एका देशाचा परवाना मिळाला की युरोपात कोठेही राहता येते, असा एक गैरसमजही वारंवार आढळतो. प्रत्यक्षात एखाद्या शेंगेन देशाचा (म्हणजे आपसांतील सीमांवर पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांपैकी एकाचा) निवास परवाना हाती आला, की राहण्याचा हक्क त्या एकाच देशापुरता मिळतो; इतर शेंगेन देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत फिरता येते, तेथे स्थायिक होता येत नाही की नोकरी धरता येत नाही. मुलाने अन्य देशात शिकावे किंवा जोडीदाराने तेथे काम करावे असा विचार असेल, तर परवानाही त्याच देशाचा घ्यावा लागेल.

कुटुंबात कोणाकोणाचा समावेश होतो, हेही याच टप्प्यावर तपासावे. ईबी-५ मध्ये जोडीदार आणि २१ वर्षांखालील अविवाहित मुले येतात, आईवडील येत नाहीत. ग्रीसमध्ये दोघांचेही आईवडील येऊ शकतात. मुलांचे वय ही ईबी-५ मधील खरी डोकेदुखी आहे. याचिका तपासणीत पडून राहिली तो काळ मुलाच्या वयातून वजा करता येतो. पण याचिका मंजूर झाल्यावर, व्हिसांची संख्या मर्यादित असल्याने, व्हिसा क्रमांकाच्या रांगेत थांबण्याचा काळ वजा होत नाही. मुलगी अठरा वर्षांची असेल आणि रांग लांब असेल, तर तिला आश्रित म्हणून धरण्याऐवजी तिच्या नावाने स्वतंत्र अर्ज करण्याचा विचार काही कुटुंबे करतात, आणि ते शहाणपणाचे असते.

दिवस आणि कर

प्रत्येक कार्यक्रमाची वास्तव्याची अट वेगळी असते. पोर्तुगालच्या गोल्डन व्हिसासाठी दर दोन वर्षांत १४ दिवस पुरतात. न्यूझीलंडने १ एप्रिल २०२५ पासून आपला गुंतवणूकदार वर्ग नव्याने आखला. त्यात ५० लाख न्यूझीलंड डॉलरच्या पर्यायात तीन वर्षांत मिळून २१ दिवस, तर एक कोटीच्या पर्यायात पाच वर्षांत १०५ दिवस राहावे लागते. अमेरिकेच्या ग्रीन कार्डाला मात्र असा सोपा आकडा नाही, कारण तेथे राहण्याचा हेतू खरा असावा अशी अपेक्षा असते. पुनर्प्रवेशाचा परवाना न घेता वर्षभराहून अधिक काळ बाहेर राहिल्यास कार्ड धोक्यात येते, आणि वर्षातून एकदा विमानतळावर शिक्का मारून येण्याने ते टिकते हा समज चुकीचा आहे.

कराची बाब वकिलाच्या आधी कर सल्लागाराकडे न्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. बहुतेक देशांत वर्षातील १८३ दिवसांच्या आसपासचे वास्तव्य तुम्हाला करदृष्ट्या रहिवासी बनवते. पण घर, कुटुंब आणि आर्थिक हितसंबंध कोठे आहेत यावरूनही ते ठरू शकते. अमेरिकेत ग्रीन कार्ड मिळताच जगभरातील उत्पन्न कराच्या कक्षेत येते, आणि परदेशी बँकखात्यांची एकत्रित शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर त्याचे स्वतंत्र निवेदन द्यावे लागते. एखादी मोठी मालमत्ता किंवा कंपनीतील हिस्सा विकायचा विचार असेल, तर तो व्यवहार कर रहिवासी होण्यापूर्वी करायचा की नंतर, याने होणारा फरक कधी कधी व्हिसाच्या सगळ्या खर्चाहून मोठा असतो. ‘तिकडच्या खात्याचे इकडे कोणाला कळणार?’ या भरवशावर कोणी राहू नये. २०१४ मध्ये मंजूर झालेल्या ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या आर्थिक संघटनेच्या व्यवस्थेनुसार शंभराहून अधिक देशांचे कर विभाग खात्यांची माहिती आपसांत पाठवतात.

पैशाचा माग

खरे काम येथे सुरू होते. अर्जदाराकडे पैसे आहेत एवढे सिद्ध होऊन भागत नाही. ते कायदेशीर मार्गाने कमावले गेले आणि कमावल्याच्या दिवसापासून गुंतवणुकीच्या खात्यात जमा होईपर्यंत कोणत्या खात्यांतून फिरले, याची सलग साखळी दाखवावी लागते. अधिकारी आणि बँक दोघेही ती तपासतात, आणि बँकेचा तपास बऱ्याचदा अधिक कडक असतो.

समजा, पाच लाख युरो गुंतवायचे आहेत. त्यापैकी तीन लाख यंदा विकलेल्या फ्लॅटचे आहेत, एक लाख वीस हजार स्वतःच्या कंपनीकडून सहा वर्षांत मिळालेल्या लाभांशाचे आणि ऐंशी हजार सासूबाईंनी भेट दिलेले. फ्लॅटचे विक्रीखत आणि खात्यात जमा झालेली रक्कम दाखवली की काम झाले, असे वाटते. पण पुढचा प्रश्न येतो : तो फ्लॅट २००९ मध्ये घेतला कशातून? मग खरेदीखत, गृहकर्जाचे मंजुरीपत्र, हप्ते ज्या खात्यातून गेले त्याचे उतारे, कर्ज फिटल्याचा दाखला, सुरुवातीला भरलेल्या रकमेमागची पगाराची कागदपत्रे आणि विक्रीच्या नफ्यावर भरलेल्या कराची पावती लागते. लाभांशासाठी कंपनीचे लेखापरीक्षित ताळेबंद, संचालक मंडळाचे ठराव आणि वैयक्तिक विवरणपत्रे एकमेकांशी जुळावी लागतात. भेटीच्या बाबतीत नुसते बक्षीसपत्र चालत नाही. सासूबाईंकडे ते पैसे कोठून आले, तेही तितक्याच तपशिलाने मांडावे लागते. त्यांनी तीन मुदतठेवी मोडून रक्कम आधी एका बचत खात्यात आणि तेथून तुमच्या खात्यात पाठवली असेल, तर त्या तिन्ही ठेवींच्या पावत्या आणि त्या खात्याचा उतारा फायलीत हवा.

अशी फाईल बारकाईने वाचताना अडणाऱ्या गोष्टी वरवर किरकोळ दिसतात. खरेदीखतावर मधले नाव पूर्ण आहे, पासपोर्टवर फक्त आद्याक्षर आहे, आणि विवाहाच्या दाखल्यावर आडनावाचे स्पेलिंग एका अक्षराने निराळे आहे. माणूस एकच, कागदांवर मात्र तीन. त्यासाठी प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवावे. बारा महिन्यांच्या खातेउताऱ्यातील एखादे पान गहाळ असेल आणि नेमके त्याच पानावर मोठी जमा असेल, तर तपासणाऱ्याला ते योगायोग वाटत नाही. रोखीने आलेली रक्कम तर जवळजवळ निरुपयोगीच समजावी. ती प्रामाणिक कमाईची असली तरी तिचा माग काढता येत नाही.

म्हणून माझा सल्ला असा, की देश निवडण्याआधीच एक साधा तक्ता करावा. डाव्या बाजूला रकमेचा प्रत्येक तुकडा, पुढे तो आल्याची तारीख, कोणत्या खात्यात, कशापोटी आणि त्याला आधार देणारा कागद कोणता. ज्या ओळीत शेवटचा रकाना रिकामा राहील, ती रक्कम बाजूला ठेवून दुसरी शोधावी. जुन्या बँकांकडून दहा-बारा वर्षांपूर्वीचे उतारे मिळवायला महिने लागतात आणि कधी ते मिळतच नाहीत, त्यामुळे ही चौकशी जितकी लवकर सुरू होईल तितकी बरी.

देश आणि गुंतवणुकीचा प्रकार

गेल्या काही वर्षांत या क्षेत्रात दारे उघडण्यापेक्षा बंदच अधिक झाली आहेत. कॅनडाने १९८६ पासून चालू असलेला गुंतवणूकदारांसाठीचा संघीय कार्यक्रम २०१४ मध्ये गुंडाळला आणि हजारो प्रलंबित अर्ज निकालाविना परत गेले. ब्रिटनने २० लाख पौंडांचा गुंतवणूकदार व्हिसा १७ फेब्रुवारी २०२२ रोजी नव्या अर्जदारांसाठी बंद केला, आयर्लंडने १५ फेब्रुवारी २०२३ रोजी, ऑस्ट्रेलियाने जुलै २०२४ अखेर, तर स्पेनने ३ एप्रिल २०२५ रोजी. पोर्तुगालने कार्यक्रम चालू ठेवला, पण घरांच्या टंचाईमुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये मालमत्ता खरेदीचा पर्याय काढून टाकला. आता तेथे प्रामुख्याने मालमत्तेत न गुंतणाऱ्या फंडांत ५ लाख युरो किंवा सांस्कृतिक वारशासाठी अडीच लाख युरो असे पर्याय उरले आहेत. माल्टाची पैशांच्या बदल्यात नागरिकत्व देणारी योजना युरोपीय न्यायालयाने २९ एप्रिल २०२५ रोजी बेकायदा ठरवली.

यातून नवख्या अर्जदाराने घ्यायची गोष्ट एवढीच, की आजच्या नियमाबरोबर संक्रमणाचा नियमही वाचावा. नियम बदलल्यास आधी दाखल झालेल्या अर्जांचे काय होते, हे कायद्यात लिहिलेले आहे का? ईबी-५ चा २०२२ चा सुधारणा कायदा याबाबत स्पष्ट आहे : प्रादेशिक केंद्रांच्या (अनेक गुंतवणूकदारांचे पैसे प्रकल्पांत लावणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांच्या) कार्यक्रमाला ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत मुदत आहे आणि ३० सप्टेंबर २०२६ पर्यंत दाखल झालेल्या याचिकांना, पुढे कार्यक्रमाची मुदत संपली तरी, संरक्षण आहे. पोर्तुगालमध्ये नागरिकत्वासाठीची पाच वर्षांची अट दहा वर्षांवर नेण्याचे विधेयक २०२५ मध्ये संसदेत आले, तेव्हा आधीच गुंतवणूक करून बसलेल्यांची झोप उडाली, कारण परवान्याचे संरक्षण आणि नागरिकत्वाच्या अटीचे संरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे अनेकांच्या ध्यानात आलेले नव्हते.

प्रकार निवडताना मालमत्ता सर्वांना सोपी वाटते, कारण ती डोळ्यांनी दिसते. ग्रीसचे उदाहरण पाहावे. २०१३ मध्ये तेथे अडीच लाख युरोंची एकच मर्यादा होती; सप्टेंबर २०२४ पासून अथेन्सचा परिसर, थेस्सालोनिकी, मिकोनोस, सांतोरिनी आणि ३,१०० हून अधिक लोकवस्तीची बेटे येथे ८ लाख, तर उर्वरित भागात ४ लाख युरो लागतात, तेही किमान १२० चौरस मीटरच्या एकाच मालमत्तेत. अडीच लाखांचा पर्याय व्यापारी इमारतीचे निवासी रूपांतर किंवा वारसा इमारतीची दुरुस्ती यांपुरता उरला आहे. शिवाय अशी मालमत्ता पर्यटकांना अल्पमुदतीने भाड्याने देता येत नाही, त्यामुळे भाड्यातून हप्ते फेडण्याचे गणित मांडणाऱ्यांनी ते पुन्हा मांडावे.

ईबी-५ मध्ये किमान रक्कम १० लाख ५० हजार डॉलर आहे आणि ग्रामीण, अधिक बेरोजगारीच्या किंवा पायाभूत सुविधांच्या प्रकल्पांसाठी ८ लाख डॉलर. दर गुंतवणूकदारामागे दहा पूर्णवेळ नोकऱ्या निर्माण व्हाव्या लागतात आणि पैसा खऱ्या अर्थाने जोखमीत असावा लागतो. रांगेच्या दृष्टीने ग्रामीण प्रकल्पांसाठी २० टक्के, अधिक बेरोजगारीच्या भागांसाठी १० टक्के आणि पायाभूत सुविधांसाठी २ टक्के व्हिसा राखीव आहेत. एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा असते आणि ती पासपोर्टवरून नव्हे, तर जन्माच्या देशावरून मोजली जाते. दुसऱ्या देशात जन्मलेल्या जोडीदाराचा देश मात्र धरता येतो.

इटलीची पद्धत मला स्वतःला सर्वांत समंजस वाटते. तेथे आधी समितीकडून ना हरकत मिळते, मग व्हिसा, आणि इटलीत पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत गुंतवणूक करायची असते : नवउद्योगात अडीच लाख युरो, कंपनीत पाच लाख किंवा सरकारी रोख्यांत वीस लाख. अर्ज फेटाळला गेला तर पैसे तुमच्याच खात्यात असतात.

प्रकल्प आणि मध्यस्थ यांची तपासणी

सरकारने कार्यक्रम मान्य केला म्हणजे त्यातील प्रत्येक प्रकल्प तपासला, असे होत नाही. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात ‘जे पीक’ (Jay Peak) नावाचे स्की रिसॉर्ट आहे. त्याच्या प्रवर्तकांनी ईबी-५ मधून ३५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम उभी केली होती, आणि ते ज्या प्रादेशिक केंद्राखाली काम करत होते ते खुद्द राज्य सरकारचे होते. एप्रिल २०१६ मध्ये अमेरिकेच्या रोखे नियामकाने त्यांच्यावर खटला भरला, तेव्हा एका प्रकल्पाचे पैसे दुसऱ्याची भोके बुजवण्यासाठी वळवल्याचा आरोप पुढे आला. शेवटचा प्रकल्प जैवतंत्रज्ञान केंद्राचा होता. न्यूपोर्ट गावात त्याच्या जागी दीर्घकाळ एक खड्डाच राहिला. २०२२ मध्ये फौजदारी खटल्यात शिक्षाही झाल्या.

त्यामुळे सही करण्याआधी काही प्रश्न लेखी विचारावेत. पैसे एस्क्रो खात्यात, म्हणजे अट पूर्ण होईपर्यंत त्रयस्थाच्या ताब्यातील खात्यात, राहणार का, आणि तेथून ते कोणत्या अटीवर सुटणार? याचिका फेटाळली गेली तर परतफेड कोण, किती दिवसांत आणि कोणत्या निधीतून करणार? प्रकल्पावर बँकेचे कर्ज असेल, तर वसुलीच्या क्रमात गुंतवणूकदाराचा नंबर कितवा? सल्लागाराला प्रकल्पाकडून दलाली मिळते का? या शेवटच्या प्रश्नावर जो सल्लागार चिडतो, त्याच्याकडून उठून यावे. ईबी-५ प्रकल्पात ‘हमखास परताव्याची’ हमी कोणी देत असेल तर ती दुहेरी धोक्याची खूण आहे, कारण अशी हमी जोखमीच्या अटीचाच भंग करते. मालमत्तेच्या बाबतीत, घराची किंमत नेमकी व्हिसाच्या किमान मर्यादेवर येऊन थांबलेली असेल, तर शेजारच्या घराचा सौदा केवढ्याला झाला ते स्वतंत्र मूल्यांककाकडून तपासून घ्यावे. विक्रेत्याने सुचवलेला वकील घेऊ नये.

अर्ज दाखल करताना

साधारण क्रम असा असतो : त्या देशाचा कर क्रमांक, बँकखाते, वकिलाला मुखत्यारपत्र, रकमेचे हस्तांतर, गुंतवणुकीचा दाखला, अर्ज, आणि शेवटी बोटांचे ठसे देण्यासाठी हजेरी. बँकखाते उघडण्यालाच अनेक आठवडे लागू शकतात. जन्म, विवाह आणि पोलीस पडताळणीचे दाखले १९६१ च्या हेग कराराच्या सदस्य देशांसाठी अपोस्टिल (कागद खरा असल्याचे सरकारी प्रमाणन) करून घ्यावेत. इतरत्र वकिलातीतून प्रमाणन लागते. पोलीस दाखल्याची मुदत काही महिन्यांचीच असल्याने तो उत्साहाने सर्वांत आधी काढून ठेवण्याची चूक करू नये. भाषांतर त्या देशाला मान्य असलेल्या भाषांतरकाराकडूनच करावे. किमान रक्कम पाठवताना चलनाच्या दरातील चढउतार आणि मधल्या बँकेचे शुल्क यांसाठी थोडी अधिक रक्कम ठेवावी. खात्यात मर्यादेहून चाळीस युरो कमी जमा झाल्यानेही दाखला अडतो.

मंजुरीनंतर

परवाना हाती आल्यावर पहिले काम दिनदर्शिका करण्याचे. ईबी-५ मध्ये सशर्त कार्डाची दोन वर्षे पूर्ण होण्याआधीच्या ९० दिवसांत आय-८२९ ही कार्डावरील अटी काढून टाकण्याची याचिका दाखल करावी लागते, आणि तेथे नोकऱ्या झाल्याचा पुरावा प्रकल्पाने दिला नाही तर अडचण गुंतवणूकदाराची होते, म्हणून त्या पुराव्याची मागणी वर्षभर आधीच सुरू करावी. वास्तव्याच्या दिवसांसाठी बोर्डिंग पास आणि पासपोर्टवरील शिक्के जपून ठेवावेत; शेंगेनमध्ये अंतर्गत प्रवासाचे शिक्के मिळत नाहीत, तेव्हा तिकिटेच कामी येतात. नूतनीकरण होईपर्यंत मालमत्ता विकू नये, फंडातील हिस्सा काढू नये आणि पत्ता किंवा पासपोर्ट बदलल्यास ठरलेल्या मुदतीत कळवावे.

पैशाच्या मागाची ती जाड फाईल मात्र मंजुरीनंतर कपाटाच्या तळाशी टाकू नये. आय-८२९ च्या वेळी, नूतनीकरणाच्या वेळी आणि गुंतवणूक विकून पैसे परत नेताना अधिकारी किंवा बँक पुन्हा तेच प्रश्न विचारू शकतात, आणि तोपर्यंत जुन्या खात्यांची शाखा बंद झालेली असू शकते. मूळ कागद, प्रमाणित प्रती आणि स्कॅन केलेला संच असे तिन्ही वेगवेगळ्या जागी ठेवावेत, आणि प्रत्येक नव्या व्यवहाराचा कागद त्याच तक्त्यात त्याच दिवशी नोंदवावा.